भीतीची गाठ

मिना रोल अठरा वर्षांची होती. सगळं सुरळीत चाललेलं असताना तिची छाती एकाएकी धडधडू लागायची. डोकं ठणकायचं, गरगरायचं, छाती आवळून यायची, गार घाम फुटायचा, उलटी व्हायची आणि जीव घाबराघुबरा होऊन जायचा. काही वेळानं सगळं आपसूक ओसरायचं. पुढचा झटका कधी येईल याचा नेम नसायचा. जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या विद्यापीठ रुग्णालयात तिला दाखल केलं आणि तिथेच ती दगावली.

शवविच्छेदनात दोन्ही बाजूंच्या ॲड्रिनल ग्रंथींमध्ये गाठी निघाल्या. मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या या छोट्या ग्रंथी नेमकं काय करतात, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. फेलिक्स फ्रँकेल या डॉक्टरांनी १८८६ मध्ये मिनाची हकीकत छापली. निबंधाच्या मथळ्यातच त्यांनी गाठींना एक विशेषण लावलं होतं: पूर्णपणे सुप्त. म्हणजे रोग्याला कसलाही उपद्रव न देता मुकाट पडून राहिलेल्या.

त्याच निबंधात मिनाच्या झटक्यांचं बारकाईनं केलेलं वर्णन होतं आणि तिच्या गाठींचंही. दोन्ही गोष्टी काही पानांच्या अंतरानं छापल्या गेल्या होत्या. पण मिनाची भीती त्या गाठींतून येत होती, हे उलगडायला अजून कित्येक वर्षं जायची होती. ही गोष्ट त्या उलगड्याची आहे. ती फ्रायबुर्गमध्ये सुरू होते, पण तिचा प्रश्न आपल्या अंगणातला आहे.

*

असा झटका सातारा-सांगली जिल्ह्यांत वडूजला, विट्याला, तासगावला किंवा जतला कुणाला आला, तर घरात काय बोलणं होतं? पहिली शंका ‘बाहेरचं काही’ असल्याची. मग अंगारा, लिंबू, देवऋषी. दुसरी शंका मनाची. दवाखान्यात ईसीजी काढला जातो, तो बरा येतो आणि रोग्याला सांगितलं जातं, ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका.’ तिसरं दार अलीकडच्या काळात उघडलं. साताऱ्याच्या पोवई नाक्यापासून मिरजेच्या दवाखान्यांपर्यंत पॅथॉलॉजी लॅबच्या पाट्या दिसतात आणि ‘सगळ्या टेस्ट करून टाकू’ हे वाक्य घराघरात ऐकू येतं.

पहिल्या दाराशी लढा देणारा माणूस याच दोन जिल्ह्यांत घडला. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात शिकले आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाले. काही वर्षं त्यांनी साताऱ्यात दवाखाना चालवला, १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. अंगात येणं, करणी, भानामती यांमागे बहुतेकदा न ओळखलेलं दुखणं असतं, आणि त्या दुखण्याला मांत्रिक नव्हे तर डॉक्टर लागतो, हे ते गावोगाव सांगत फिरले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले, तो त्याच वर्षी झाला.

मात्र देवऋष्याकडून डॉक्टरकडे आलेल्या माणसाचा प्रवास तिथे संपत नाही. भीती मनातून येते की शरीरातून, हा प्रश्न डॉक्टरपुढेही उभा असतो. दोन्हीकडची लक्षणं तीच: धडधड, घाम, थरथर, गार पडलेले हात. त्यांतला फरक ओळखायला विज्ञानाला आधी भीतीचं रसायन हाती लागायला हवं होतं.

*

ते हाती लागलं लंडनमध्ये, १८९३ च्या हिवाळ्यात. जॉर्ज ऑलिव्हर हे हॅरोगेट गावात वैद्यकी करणारे डॉक्टर. फावल्या वेळात निरनिराळ्या ग्रंथींचे अर्क काढून ते रक्तवाहिन्यांवर काय परिणाम करतात, हे पाहण्याचा त्यांना नाद होता. ॲड्रिनल ग्रंथीचा अर्क घेऊन ते युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये प्राध्यापक एडवर्ड शेफर यांच्याकडे गेले. शेफर एका कुत्र्यावर रक्तदाबाचा प्रयोग करत होते. या हौशी डॉक्टरच्या बोलण्यावर त्यांचा विश्वास बसेना. पुढे वर्षानुवर्षं सांगितली गेलेली आठवण अशी की, ऑलिव्हर यांनी प्रयोग संपेपर्यंत वाट पाहिली आणि मग, आता टोचूनच बघा, असा आग्रह धरला. शेफर यांनी अर्क टोचला. रक्तदाबमापकातला पारा चढला, चढतच राहिला. शेफर थक्क होऊन पाहत राहिले.

१८९४ मध्ये या दोघांचा शोध जाहीर झाला. त्याच वर्षी इकडे मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांचं मिशन रुग्णालय सुरू झालं. पुढे मिरज ही दवाखान्यांची पेठ झाली आणि कर्नाटकापासून कोकणापर्यंतचे रोगी तिथे येऊ लागले. पण रोग्याच्या रक्तात किंवा लघवीत भीतीचं रसायन मोजता येईल, असं त्या वेळी मिरजेत काय, लंडनमध्येही कुणाच्या मनात आलं नसतं.

१९०१ मध्ये जोकिची ताकामिने या अमेरिकेत राहणाऱ्या जपानी रसायनशास्त्रज्ञानं त्या अर्कातला मुख्य पदार्थ शुद्ध स्फटिकरूपात वेगळा केल्याचं जाहीर केलं. तेच ॲड्रिनलिन. संकट समोर दिसलं की ॲड्रिनल ग्रंथी ते रक्तात सोडते, हृदय जोरात पळू लागतं, रक्तदाब वाढतो, घाम फुटतो, शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं. वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या सुमारास हे सविस्तर मांडलं.

मग एक खोडकर प्रश्न पुढे आला. संकट नसतानाच ॲड्रिनलिन टोचलं, तर भीती वाटेल का?

माद्रिदमधले डॉक्टर ग्रेगोरिओ मारान्योन यांनी २१० जणांना ते टोचून पाहिलं आणि १९२४ मध्ये निष्कर्ष छापले. सुमारे ७० टक्के लोकांनी केवळ शरीरातले बदल सांगितले: धडधडतंय, थरथरतंय. उरलेल्या सुमारे ३० टक्क्यांनी भावना सांगितली, पण त्यांतल्या बहुतेकांचं बोलणं चमत्कारिक होतं. भीती वाटतेय जणू, पण भीती नाही. मोठं काही घडणार आहे जणू, पण काय ते कळत नाही. खरीखुरी भावना उसळली ती मोजक्या लोकांत. घरच्या आजारी मुलांबद्दल किंवा गेलेल्या आईवडिलांबद्दल ज्यांच्याशी आधी बोलणं झालं होतं, त्यांच्यात ती सहज जागी होई.

या प्रयोगाचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. रसायन शरीराला भीतीच्या तयारीत उभं करतं, आणि तिला विषय पुरवतं मन. म्हणून शरीरातून उठलेल्या धडधडीलाही माणूस कारण शोधून काढतो: कर्ज, सासर, परीक्षा, करणी. कारण सापडलं की दुखणं मनाचं ठरतं आणि शरीर सुटून जातं.

*

मिनाच्या गाठीला नाव मिळालं १९१२ मध्ये. बर्लिनचे विकृतिशास्त्रज्ञ लुडविग पिक यांनी क्रोमियमच्या क्षारांनी काळपट-तपकिरी होणाऱ्या या गाठींना फिओक्रोमोसायटोमा म्हटलं. हेच पिक पुढे ज्यू म्हणून नाझींच्या छळछावणीत गेले आणि १९४४ मध्ये तेरेझिनला वारले.

नाव मिळालं तरी गाठ सापडायची ती शवागारातच. १९२२ मध्ये पॅरिसच्या लाबे, तिनेल आणि दुमेर यांनी झटक्याझटक्यानं चढणारा रक्तदाब आणि ॲड्रिनलची गाठ यांची सांगड घातली. १९२६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे सेझार रू यांनी आणि त्याच सुमारास अमेरिकेत चार्ल्स मेयो यांनी अशी गाठ शस्त्रक्रियेनं काढली आणि रोगी बरे झाले. मेयो यांची रोगी एक तरुण नन होती. आपण नेमकी कसली गाठ काढतोय, हे पोट उघडेपर्यंत मेयो यांना माहीत नव्हतं. १९२९ मध्ये बाल्टिमोरच्या पिंकॉफ्स यांनी मात्र पोट उघडण्याआधीच निदान केलं आणि ते खरं निघालं. त्यांच्याकडे त्यासाठी लॅबची कुठलीही तपासणी नव्हती. झटक्यांची नीट ऐकलेली आणि नोंदलेली हकीकत होती.

ऐकून निदान करणारे पिंकॉफ्स सगळीकडे कुठून असणार? खात्रीची चाचणी हवी होती. पहिली निघाली ती अंगावर काटा आणणारी होती. १९४५ मध्ये मेयो क्लिनिकच्या रॉथ आणि क्वाले यांनी संशयित रोग्याला हिस्टामिन टोचून मुद्दाम झटका आणायला सुरुवात केली. रक्तदाब उसळला तर गाठ आहे असं समजायचं. म्हणजे रोगाची खात्री करण्यासाठी रोग्याला पुन्हा त्याच मरणाच्या दारात नेऊन उभं करायचं.

सुटका झाली लघवीच्या बाटलीनं. स्टॉकहोममधले उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६ मध्ये नॉरॲड्रिनलिन हे मज्जातंतूंचं संदेशवाहक रसायन ओळखलं. १९५० मध्ये त्यांनी एंगेल यांच्यासोबत दाखवून दिलं की गाठ असलेल्या रोग्यांच्या लघवीत ही रसायनं भरमसाट उतरतात. आता झटका आणायची गरज नव्हती. चोवीस तासांची लघवी साठवायची आणि मोजायची.

तरी मोजणी किचकट होती आणि रसायन लवकर नासायचं. मार्च १९५७ मध्ये मार्व्हिन आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी एक टिपण छापलं: या रोग्यांच्या लघवीत व्हीएमए नावाचा टिकाऊ पदार्थ मोठ्या प्रमाणात असतो. अमेरिकेतल्या बेथेस्डा इथे ज्युलियस ॲक्सलरॉड यांच्या वाचनात ते आलं. ॲड्रिनलिनचं शरीरात पुढे काय होतं, या प्रश्नाशी त्यांची झटापट चाललेली होती. व्हीएमएची रचना पाहताच त्यांच्या लक्षात आलं की ॲड्रिनलिनला एक मिथाइल गट चिकटत असणार. ते लगेच प्रयोगाला लागले. ज्या विकरामुळे हे घडतं ते विकर त्यांना सापडलं आणि त्यातून तयार होणारं मेटानेफ्रिनही. १९७० चं नोबेल फॉन ऑयलर, ॲक्सलरॉड आणि बर्नार्ड कात्झ यांना वाटून मिळालं.

आज संशयित रोग्याची जी चाचणी करतात, ती याच मेटानेफ्रिनची, लघवीतली किंवा रक्तातली. कारण असं की गाठ ॲड्रिनलिन लहर आली की सोडते. झटका नसताना रक्त घेतलं तर ते सापडेलच असं नाही. पण गाठीच्या आतल्या आत ॲड्रिनलिनचं मेटानेफ्रिन होत राहतं आणि ते भरलेल्या माठासारखं सारखं पाझरत असतं. माणूस निवांत असला तरी पाझर थांबत नाही. पुढे सीटी स्कॅन किंवा एमआरआयनं गाठीची जागा कळते, काही आठवडे औषधांनी रक्तदाब ताब्यात आणला जातो आणि मग शस्त्रक्रिया होते.

फ्रायबुर्गचं काय झालं? २००७ मध्ये तिथल्याच विद्यापीठातल्या हार्टमुट नॉयमान आणि सहकाऱ्यांनी जुन्या नोंदींवरून मिना रोलच्या घराण्याचा माग काढला. हयात नातेवाइकांच्या रक्ताची जनुकीय तपासणी झाली. त्यांच्यात रेट या जनुकातला दोष सापडला. या दोषामुळे ॲड्रिनलच्या गाठी आणि थायरॉइडचा एक विशिष्ट कर्करोग पिढ्यानपिढ्या उतरत जातो. मिनाच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी तिच्या झटक्यांचं मूळ सापडलं आणि नात्यातल्या जिवंत माणसांना सावध करता आलं. हे जमलं, कारण एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांनी त्या मुलीची हकीकत टाकाऊ समजली नव्हती. त्यांना तिचा अर्थ लागला नाही, पण त्यांनी ती जशीच्या तशी लिहून ठेवली.

*

भीतीच्या या रसायनाशी महाराष्ट्राची गाठ पडली ती मात्र वेगळ्याच वाटेनं. महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरला की पोलादपूर आणि पुढे महाड. त्या महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये जालना जिल्ह्यातून आलेला एक तरुण डॉक्टर रुजू झाला: हिम्मतराव बावस्कर. तिथे त्यांनी लाल विंचवाच्या दंशानं धडधाकट माणसं आणि लहान मुलं मरताना पाहिली.

त्या रोग्यांचं वर्णन मिनाच्या हकीकतीशेजारी ठेवून पाहावं: दरदरून घाम, उलट्या, बर्फासारखे हातपाय, उसळलेला रक्तदाब, बेचैनी. काही तासांनी फुफ्फुसात पाणी आणि मृत्यू. बावस्करांकडे हार्मोन मोजणारी लॅब नव्हती. रोग्याच्या खाटेशी बसून ते तासातासाला नाडी, रक्तदाब आणि लक्षणं लिहीत राहिले. त्यातून त्यांना उमगलं की मारतं ते विंचवाचं विष थेट नव्हे. विषामुळे शरीर स्वतःचीच ॲड्रिनलिन-जातीची रसायनं पुरासारखी सोडतं आणि हृदय त्यात बुडतं. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये आली. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध वापरायला सुरुवात केली. रक्तवाहिन्यांवरचा या रसायनांचा मारा ते थोपवतं. फिओक्रोमोसायटोमाच्या रोग्याला शस्त्रक्रियेआधी याच जातीची औषधं देतात. गंभीर दंशातलं ३० टक्क्यांच्या आसपासचं मृत्यूचं प्रमाण सुमारे एक टक्क्यावर आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

दाभोलकरांच्या कायद्यात एक कलम असं आहे की कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. मिरजेत शिकलेल्या एका डॉक्टरचं आणि महाडच्या दुसऱ्या डॉक्टरचं काम त्या कलमात एकत्र येतं.

*

आता आपल्या दोन जिल्ह्यांचा हिशेब मांडू. २०११ च्या जनगणनेत साताऱ्याची लोकसंख्या ३० लाख आणि सांगलीची २८ लाख, मिळून ५८ लाख. जगभरचे आकडे पाहता फिओक्रोमोसायटोमा दरवर्षी दर दहा लाखांत दोन ते आठ जणांना होतो. म्हणजे दोन्ही जिल्ह्यांत मिळून वर्षाला साधारण १२ ते ४६ रोगी. उलट बाजूला, २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात चिंता आणि ताणाशी निगडित विकार प्रौढांमध्ये सुमारे साडेतीन टक्के आढळले. सर्वेक्षण झालेल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण ढोबळ अंदाजापुरतं ते प्रमाण धरलं तरी या दोन जिल्ह्यांत अशा माणसांची संख्या लाखाच्या वर जाते.

या लाखभर लोकांची सरसकट मेटानेफ्रिन चाचणी केली तर? २००२ मध्ये लेंडर्स आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या मोठ्या अभ्यासात रक्तातली ही चाचणी गाठ असलेल्या जवळजवळ सगळ्यांना पकडत होती. पण गाठ नसलेल्या शंभरातल्या सुमारे अकरा जणांनाही ती संशयित ठरवत होती. लाखाला अकरा हजार! काही डझन खऱ्या रोग्यांच्या शोधात अकरा हजार निरोगी माणसं स्कॅनच्या रांगेत उभी राहतील आणि आधीच भ्यालेला माणूस पोटात गाठ आहे या भीतीनं खंगेल. शिवाय सुईची धास्ती, उभं राहणं, काही औषधं यांनीही मेटानेफ्रिनचा आकडा वर जातो. म्हणून रक्त घेण्याआधी रोग्याला वीस-तीस मिनिटं शांत आडवं ठेवावं लागतं. हे जिथे होत नाही, तिथला वाढीव आकडा लगेच खरा मानू नये.

ज्यांना झटक्यासोबत डोकेदुखी, घाम, धडधड हे त्रिकूट आणि चढलेला रक्तदाब आहे, किंवा घराण्यात असा आजार आहे, त्यांच्यासाठी ही चाचणी प्राण वाचवणारी आहे. ती कुणाची करायची, हे ठरतं रोग्याच्या हकीकतीवरून.

या गाठीहून कितीतरी नेहमीचा गुन्हेगार म्हणजे थायरॉइड. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये गळ्याची ग्रंथी सुजलेल्या आणि छाती धडधडणाऱ्या स्त्रियांचं वर्णन केलं. त्यांतल्या वीस वर्षांच्या एका तरुणीचा त्रास हिस्टेरियाचा समजला जात होता. तो थायरॉइडचा होता. भूक लागूनही वजन उतरणं, उकाडा न सोसणं, हात कापणं, झोप उडणं, चिडचिड आणि घबराट, हे सगळं एका ग्रंथीच्या अतिउत्साहातून येऊ शकतं.

अशा ग्रंथींची रक्तातली हार्मोनं कणाकणानं मोजण्याची युक्ती न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस काढली. किरणोत्सारी खूण लावलेलं हार्मोन आणि रोग्याच्या रक्तातलं हार्मोन यांना एकाच प्रतिपिंडासाठी झगडायला लावायचं आणि कोण किती चिकटलं ते मोजायचं. त्यांचा सुरुवातीचा निबंध एका नामांकित नियतकालिकानं परत पाठवला होता. १९७७ च्या नोबेल व्याख्यानात यॅलो यांनी ते नकाराचं पत्रच सर्वांसमोर ठेवलं. बर्सन तोवर वारले होते. दोघांनी या पद्धतीचं पेटंट घेतलं नाही आणि ती जगभर पसरली. मुंबईत परळला अणुऊर्जा खात्याचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून थायरॉइडच्या रोग्यांसाठी काम करत होतंच. आज टीएसएच ही चाचणी तालुक्याच्या गावीही होते. चाचणी वाचताना एक लक्षात ठेवावं: थायरॉइड जास्त काम करू लागली की मेंदूखालच्या ग्रंथीतून येणारा टीएसएचचा हुकूम कमी होतो. म्हणून धडधडणाऱ्या माणसाचा टीएसएच फार खाली असेल तर लक्ष द्यायला हवं.

रक्तातली साखर घसरली, रक्त कमी झालं, हृदयाचे ठोके अनियमित झाले, तरीही असाच जीव घाबरतो. दम्याच्या काही औषधांनी, जास्त चहाकॉफीनं धडधड होते. रोज पिणाऱ्यानं दारू अचानक सोडली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथर, घाम आणि विलक्षण भीती येते. ती लॅबमध्ये दिसत नाही, विचारल्याशिवाय कळत नाही. दाभोलकरांनी साताऱ्यात ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तिथल्या लोकांना हे सांगायला नको.

आणि बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले पुरुष त्यात होते. त्यांच्यातल्या ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी निघालं, आणि सर्वांत वाईट स्थिती मध्यमवर्गाची होती. ही कमतरता नसांना आणि मेंदूला बाधते, तिच्यावर उपचार व्हायलाच हवेत. पण जिथे तिघांपैकी दोघांचं बी-१२ कमी आहे, तिथे घाबरणाऱ्या माणसाचंही ते कमी निघणारच. तेवढ्यावरून त्याच्या भीतीचं कारण सापडलं असं म्हणणं घाईचं. इंजेक्शनं घेऊनही भीती उरली, तर पुढचा शोध थांबता कामा नये.

*

मिनाच्या काळात चाचणी नव्हती म्हणून माणसं मेली. आपल्या काळात चाचण्यांची पॅकेजं विकली जातात आणि हकीकत ऐकायला कुणाला सवड नसते. लॅबचं यंत्र त्याला विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतं, आणि तो प्रश्न रोग्याच्या तोंडून यावा लागतो.

तेव्हा असा त्रास तुम्हाला किंवा घरात कुणाला होत असेल, तर आधी एक वही करा. झटका किती वाजता आला, किती मिनिटं टिकला, तेव्हा काय चाललं होतं, नाडी किती होती, रक्तदाब मोजला असल्यास किती, घाम आला का, डोकं दुखलं का, वजन उतरलं का, कुठली औषधं, तंबाखू, मिश्री, दारू चालू आहे किंवा नुकतीच सोडली, हे सगळं लिहा. छातीत कळ येत असेल, शुद्ध हरपत असेल, तर वहीत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा. एरवी ती वही घेऊन आपल्या डॉक्टरकडे जा आणि विचारा: यातली कुठली तपासणी कशासाठी, आणि ती अमुक आली तर पुढे काय करायचं? बहुतेकांना टीएसएच, हिमोग्लोबिन, साखर, ईसीजी एवढ्यानं सुरुवात पुरते.

रिपोर्ट नॉर्मल आले, तर तुमची भीती खोटी ठरत नाही. चिंतेचा विकार हा खरा आजार आहे, त्याला औषधं आहेत, बोलून करायचे उपचार आहेत आणि ते लागू पडतात. सरकारची टेलिमानस ही मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. फोन करायला लाजू नका.